हत्तींनी घडवलेल्या झाडाचा बोन्साय: पोर्टुलाकारिया प्रकल्पाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२३

आजपासून या झाडाची वही सुरू. झाड पोर्टुलाकारिया आफ्रा. बुंध्याशी खोडाची जाडी ५.५ सेंमी, उंची ५० सेंमीच्या आसपास. खोल प्लॅस्टिकच्या कुंडीत बरीच वर्षं मोकळं वाढलेलं आहे, कात्री कधी लागलेली दिसत नाही. फांद्या लांबलचक, टोकांना पानांचे झुबके आणि आत नुसता सांगाडा. मला असंच झाड हवं होतं. आकार दिलेलं झाड घेतलं की आधी दुसऱ्याचा विचार खोडून काढावा लागतो आणि सक्युलंटमध्ये, म्हणजे पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांत, तो खोडायला वर्षं जातात.

शेजारी एक जेड आहे, क्रासुला ओव्हाटा. त्याचीही नोंद याच वहीत अधूनमधून येईल. पोर्टुलाकारियाला सर्रास मिनी जेड म्हणतात, पण दोघांचं कूळ अगदी वेगळं: जेड क्रासुलेसी कुळातलं, तर पोर्टुलाकारिया डिडिएरेसी. कामाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. जेडचं पान ३ ते ९ सेंमी, याचं १ ते २ सेंमी. जेडच्या फांद्या जाड, थोड्या आणि जड. याच्या बारीक, दाट आणि लवकर फुटणाऱ्या. लहान कुंडीत मोठ्या झाडाचा भास निर्माण करायचा तर पानाचा आकार आधी पाहावा लागतो, कारण खोड कितीही जुनं दिसलं तरी त्यावर हाताएवढी पानं असतील तर नजर फसत नाही. त्या हिशेबाने पोर्टुलाकारिया सक्युलंटमधलं सर्वांत उत्तम बोन्साय झाड आहे, असं माझं ठाम मत.

१९ फेब्रुवारी २०२३

आज कात्री हातात घेतली नाही. झाड फिरवून फिरवून पाहिलं आणि रेखाटनं केली.

सक्युलंट बोन्सायमध्ये बहुतेक वेळा जपानी पाइनचा साचा उचलला जातो. वळणदार खोड, दोन्ही बाजूंना खाली झुकलेल्या फांद्या, प्रत्येकीवर पानांची गादी, वर त्रिकोणी शेंडा. साचा सुंदर आहे, पण तो बर्फाच्या भाराखाली फांद्या झुकवून जगणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांवरून आलेला आहे. पोर्टुलाकारियाने बर्फ असा सोसलेलाच नसतो. त्याच्या वाट्याला आलेत ते हत्ती.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, विशेषतः ईस्टर्न केपच्या दाट झुडपी रानांतलं. तिथे त्याला स्पेकबूम म्हणतात. उंची साधारण अडीच ते साडेचार मीटर. १९३१ साली स्थापन झालेलं अ‍ॅडो हत्ती राष्ट्रीय उद्यान याच रानात आहे. तिथले हत्ती स्पेकबूम वरून ओरबाडतात. शेंडे मोडतात, पण तळाच्या, जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या शिल्लक राहतात. त्या जिथे मातीला टेकतात तिथे मुळं सोडतात आणि झाड बाजूने पसरत जातं. बीपासून नवी रोपं क्वचितच तगतात, त्यामुळे खालच्या फांद्यांचा हा घेरच झाडाचा वंश पुढे नेतो. शेळ्या याच्या उलट खालून खातात. घेर गेला की मधलं झाड छत्रीसारखं उघडं उभं राहतं आणि ते वठल्यावर त्याची जागा घ्यायला काही उरत नाही. ईस्टर्न केपमध्ये शेळ्यांच्या अतिचराईने अशी फार मोठी रानं विरळ झाली.

म्हणजे पाइनच्या साच्यात घालण्यासाठी आपण तळाच्या फांद्या साफ करून खोड मोकळं करतो, तेव्हा नेमकं शेळीचं काम करतो. मला हत्तीचं काम करायचं आहे.

रेखाटनातून ठरलेलं असं: उंचीपेक्षा रुंदी जास्त. उंची २५ ते २८ सेंमी, पसारा ४० च्या पुढे. शेंडा टोकदार नको, मोडून पुन्हा फुटल्यासारखा बोथट हवा. डावीकडची सर्वांत खालची फांदी राखायची, तिला मातीपर्यंत आणायची आणि जमलं तर तिथे मुळं फुटू द्यायची.

५ मार्च २०२३

रात्री आता उबदार झाल्या, म्हणून मुळांचं काम काढलं. त्याआधी आठवडाभर पाणी तोडलं होतं. लाकडी खोडाच्या झाडांची मुळं छाटताना ती क्षणभरही सुकू नयेत म्हणून फवारा हातात धरून काम करतात. इथे उलट. कोरडी मुळं कमी तुटतात, कोरड्या जखमेत कूज शिरत नाही आणि मधल्या काळात झाड खोडातल्या पाण्यावर आरामात जगतं.

कुंडीतून काढलं तर तळाशी मुळांचा गोल वेढा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आतून घट्ट आणि अजून ओलसर, आठवडाभर पाणी नसूनही. हीच कोकोपीटची अडचण. ते वरून वाळलेलं दिसतं आणि बुंध्याखाली ओल धरून ठेवतं. सगळं काढून टाकलं. पोर्टुलाकारियाची मुळं बारीक, तंतूंसारखी असतात, सरळ खाली जाणारी जाड मुळं दोनच निघाली. तीही छाटली. बुंध्याभोवती पसरलेली आडवी मुळं जपली. जपानीत ज्याला नेबारी म्हणतात तो मुळांचा पसारा तीन बाजूंनी चांगला आहे, मागे रिकामा. समोरची बाजू त्यावरूनच ठरली.

नवं मिश्रण: प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड), बारीक खडी आणि वीटचुरा जवळपास सारख्या प्रमाणात, वर मूठभर कुजलेलं शेणखत. सगळे दाणे ३ ते ६ मिमीच्या चाळणीतले. बारीक धूळ पूर्ण धुऊन काढली, कारण धूळ राहिली की दाण्यांमधली हवेची जागा बुजते आणि महागाचं मिश्रणही चिखलासारखं वागतं.

झाड कुंडीला बांधताना तारेवर रबरी नळीचे तुकडे चढवले. साल पातळ, आत सगळा मऊ गर, उघडी तार दोन आठवड्यांत रुतते. पाणी दिलं नाही. अजून आठवडाभर देणारही नाही.

१४ मार्च २०२३

पहिलं पाणी. पानं थोडी सुरकुतली होती, दोन दिवसांत भरतील.

९ एप्रिल २०२३

मोठी छाटणी. खोड ५० सेंमीवरून १९ सेंमीवर आणलं.

कुठे कापायचं हे या झाडात पेरं ठरवतात. खोड नीट पाहिलं तर जुन्या पानांच्या जागी आडव्या पुसट रेषा दिसतात. ती पेरं, आणि नवा डोळा फुटतो तो तिथूनच. काप दिल्यावर उरलेला खुंट वाळत वाळत खालच्या पेरापर्यंत आक्रसतो आणि तिथे थांबतो. जेडमध्ये हे फारच स्पष्ट दिसतं: वाळलेला तुकडा काही आठवड्यांनी स्वतःच सुटून पडतो आणि खाली स्वच्छ, कोरडा व्रण राहतो. म्हणून मला जे पेर टिकवायचं आहे त्याच्या लगेच वर काप देत नाही. वर थोडा खुंट ठेवते आणि बाकीचं झाडावर सोडते. ते नेमक्या जागी थांबतं. कात्रीने तितकं नेमकं कापता येत नाही.

कापाचा कोन मागच्या बाजूला उतरता ठेवला, वर पाणी साचू नये म्हणून. जखमेवर मलम लावलेलं नाही. मेपल किंवा वडाच्या कापावर लेप लावतात तो जखम ओली राहावी, कडा हळूहळू आत वाढत जखम झाकावी यासाठी. सक्युलंटची जखम तशी बुजत नाही, तिला वाळायचं असतं. लेप लावला तर ओल आत कोंडते.

आणखी एक गोष्ट या झाडांत सोडूनच द्यावी लागते: मृत लाकूड. जुनिपरमध्ये पांढरं पडलेलं उघडं लाकूड म्हणजे जिन किंवा शारी किती देखणं दिसतं! पोर्टुलाकारिया आणि जेड यांच्या खोडात तसं टिकाऊ लाकूडच नसतं. मेलेला भाग सुरकुततो, पोकळ होतो आणि गळतो. म्हणून या झाडाचं वय बुंध्याचा फुगवटा, मुळांचा पसारा, करडी पडलेली साल आणि फांद्यांचे पुन्हा पुन्हा बदललेले कोन, एवढ्यावरच दाखवावं लागणार.

कापलेला शेंडा आणि आणखी काही जाड फांद्या सावलीत कोरड्या जागी ठेवल्या. कापाचं तोंड पूर्ण वाळलं की कोरड्या मिश्रणात खोचायच्या, मुळं धरेपर्यंत पाणी नाही. पोर्टुलाकारियाची छाट वाया घालवणं मला जमत नाही.

७ मे २०२३

फुटवे आले आणि भरभरून आले. कापाच्या खालच्या पेरापासून बुंध्यापर्यंत जिथे तिथे लालसर डोळे. आजची नोंद लांबणार, कारण या झाडाचं खरं काम इथे आहे.

पोर्टुलाकारियाची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. म्हणजे आडव्या फांदीवर एक जोडी डावी-उजवी, पुढची वर-खाली, त्यापुढची पुन्हा डावी-उजवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा. फांदी एका जोडीच्या पुढे कापली की त्या जोडीचे दोन्ही डोळे फुटतात. म्हणून कात्री कोणत्या जोडीपुढे चालवायची, यावर फांदीची पुढची दिशा ठरते.

डाव्या-उजव्या जोडीपुढे कापलं तर फांदी आडव्या पातळीत दुभंगते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. पसारा हवा तिथे हेच. वर-खालच्या जोडीपुढे कापलं तर एक फुटवा वर, एक खाली. यातला एकच ठेवायचा. वरचा ठेवला तर फांदी तिथून उचलली जाते, खालचा ठेवला तर झुकते. दोन्ही ठेवले तर फांदी बाजूने पाहताना कात्रीच्या उघड्या पात्यांसारखी दिसते आणि काही महिन्यांत ते पेर गाठीसारखं सुजतं. मुख्य खोडावर तर दोन समोरासमोरचे फुटवे कधीच एकत्र वाढू द्यायचे नाहीत. तिथे खोड खालच्या भागापेक्षा जाड होतं आणि निमुळतेपणा कायमचा बिघडतो.

आज हेच केलं. सांगाड्यासाठी पाच फुटवे ठरवले. खाली डावीकडचा आधीचा फाटा, त्याच्या वर उजवीकडे एक, मागे खोलीसाठी एक, शेंड्याजवळ दोन. शेंड्याचे दोन्ही सध्या राखते, ताकदवान निघेल तो नवा शेंडा होईल. बाकीचे डोळे बोटाने चोळून काढले. एवढे कोवळे असताना काढले की व्रणही राहत नाही. मन धजत नाही खरं, पण झाडाने दिलेलं सगळं ठेवलं तर त्याचं झुडूप होतं.

ठेवलेल्या फुटव्यांचे शेंडे आता खुडायचे नाहीत. लांब, अगदी बेढब वाढू द्यायचे. जाडी लांबीतूनच येते.

१८ जून २०२३

तारेचं काम. दोनच फांद्यांना, बाकीच्यांना तार लावायची नाही असं ठरवलं आहे.

पाणी पिऊन तट्ट फुगलेली फांदी वाकवली की काड्कन मोडते. म्हणून पाणी थोडं लांबवलं आणि पानं बोटांत किंचित नरम लागेपर्यंत थांबले. अशा वेळी तीच फांदी आश्चर्य वाटावं इतकी लवचीक होते. अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, खाली कागदी पट्टी गुंडाळून. वेढे सैल, कारण पाणी मिळाल्यावर फांदी फुगणार आहे. तारेची जागा मी वाळलेल्या फांदीवर नव्हे, भरलेल्या फांदीवर बसेल अशी मनात धरून ठेवते.

उजवीकडच्या फांदीचा पीळ महत्त्वाचा होता. तिच्या पहिल्या पेराची जोडी वर-खाली होती. तारेने फांदी चतकोर फिरवली, ती जोडी डावी-उजवी झाली. आता तिथे कापलं की आडवा दुभंग मिळेल.

डावीकडच्या तळाच्या फांदीला तार लावली नाही. तिच्या मध्यावर कापडाची पट्टी टाकून दोऱ्याने कुंडीच्या काठाशी ओढून बांधली. रोज थोडा ताण वाढवत नेला की ही फांदी न कुरकुरता खाली येते. शिवाय तिच्या टोकाची पानं तशीच ठेवली आहेत. पानांत आणि कोवळ्या फांदीत साठलेल्या पाण्याचं वजन स्वतःच तिला खाली ओढतं. जी फांदी उचलायची तिची पानं कमी करायची, जी झुकवायची तिची राखायची. मांसल झाडात हे फार नीट चालतं.

२ जुलै २०२३

तार पाहिली. दोन आठवड्यांतच कडा दबायला लागल्या आहेत. एका फांदीची काढली, कोन टिकला. दुसरीची सैल करून पुन्हा लावली. वाढीच्या मोसमात दर आठवड्याला पाहणं आलंच.

२३ जुलै २०२३

हवा सतत दमट, सूर्य दिसत नाही. झाड छपराखाली आणलं, पण जमेल तितक्या उजेडात. पाणी देण्याआधी खालचं एक पान दोन बोटांत दाबून पाहते. टणक असेल तर नाही, किंचित सैल असेल तर भरपूर, तळातून वाहीपर्यंत. वारावर पाणी देण्याचं वेळापत्रक या झाडांसाठी मला पटत नाही. वेळापत्रक माणसाच्या सोयीचं असतं आणि दमट हवेत तेच मूळ कुजवतं.

पानांच्या बगलांत पिठ्या ढेकूण सापडले. पांढरा कापसासारखा पुंजका दिसला की तो एकटा नसतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुसले आणि जेडची प्रत्येक बगलही तपासली. कुंडीच्या तळाच्या भोकाशीही पाहिलं, कारण यांची एक जात मुळांवर राहते आणि झाड विनाकारण मरगळल्यासारखं दिसतं. तिथे काही नाही.

१७ सप्टेंबर २०२३

आजची नोंद जेडची. बुंधा ८ सेंमी, फांद्या चार, सगळ्या जाड. याला पोर्टुलाकारियासारखा दाट पसारा कधी येणार नाही आणि तसा आणण्याचा अट्टहास केला तर मोठ्या पानांचा गोळा तयार होईल. जेडमध्ये सौंदर्य आहे ते बुंध्यात. म्हणून याला आफ्रिकेतल्या बाओबाबचा म्हणजे गोरखचिंचेचा आकार द्यायचा आहे. अडान्सोनिया डिजिटाटाचं खोड असंच अवाढव्य, पाणी साठवणारं, आणि वर तुलनेने आखूड फांद्या एकदम फाकलेल्या. पाणी साठवणाऱ्या एका झाडाला पाणी साठवणाऱ्या दुसऱ्याच झाडाचा आकार शोभेल, याची मला खात्री आहे.

फांद्या दोन-दोन पेरांवर कापल्या. पानं मोठी वाटतात तिथे जोडीतलं एक काढलं. छाटणी आता थांबवायची. जेडला फुलं येतात ती दिवस लहान आणि रात्री गार झाल्यावर, फांद्यांच्या टोकांवर. आत्ता टोकं कापत राहिलं तर फुलं गेली.

२६ नोव्हेंबर २०२३

ऊन भरपूर, रात्री थंड. दोन्ही झाडांच्या पानांच्या कडा लाल झाल्या आहेत. रंग सारखा दिसतो पण रसायन वेगळं: जेडचा लाल अँथोसायनिनचा, पोर्टुलाकारियाचा बीटालेनचा, ज्या गटातल्या रंगद्रव्यांनी बीट लाल होतं.

पाणी आता बरंच लांबलं आहे. पोर्टुलाकारियाबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. जेडसारखी झाडं रंध्रं रात्री उघडतात, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात. या पद्धतीला क्रासुलेसियन आम्ल चयापचय हे नावच जेडच्या कुळावरून मिळालं आहे. पोर्टुलाकारिया मात्र दोन्ही करतं. पाणी मुबलक असेल तर साध्या झाडासारखं दिवसा काम करतं आणि ताण पडला की रात्रपाळीवर जातं.

बोन्सायच्या कामात याचा थेट उपयोग आहे. उबदार मोसमात, उघड्या दाणेदार मिश्रणात, मी याला जेडपेक्षा कितीतरी जास्त पाणी आणि पातळ केलेलं खत देते. तेव्हा ते झपाट्याने फुटतं आणि वर्षात अनेक छाटण्या झेपतात. आणि वाढ थांबवायची असेल, पेरांमधलं अंतर आखूड ठेवायचं असेल, तेव्हा पाणी तोडून कडक ऊन द्यायचं. सक्युलंट म्हणून बाराही महिने तहानलेलं ठेवलं तर ते मरत नाही, पण घडतही नाही.

१० डिसेंबर २०२३

तापमान १० अंशांखाली जायला लागलं. दोघंही रात्री आत, दिवसा बाहेर. पेशी पाण्याने भरलेल्या असल्याने गोठणारी थंडी यांना अजिबात सोसत नाही, टोकं काळी पडून लिबलिबीत होतात.

जेडला कळ्या आहेत!

२४ मार्च २०२४

वर्षभर मोकळे सोडलेले पाचही फुटवे आता पेन्सिलीपेक्षा जाड. आज सगळे मागे कापले. बुंध्याकडून मोजलं तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेरावर, जिथे जोडीची दिशा जमली तिथे. एवढी वाढ क्षणात गेली, आणि झाड पुन्हा काटक्यांसारखं दिसतंय, पण हीच पद्धत आहे. वाढू द्यायचं, कापायचं, नव्या दिशेने पुन्हा वाढू द्यायचं. प्रत्येक कापाशी फांदी कोन बदलते आणि पुढचा भाग आधीच्यापेक्षा बारीक येतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगची लिंगनान परंपरा पेनजिंगमध्ये, म्हणजे कुंडीत झाडं घडवण्याच्या चिनी कलेत, याच कामासाठी ओळखली जाते, तार जवळपास न लावता नुसत्या कात्रीने फांद्या घडवणारी. मांसल झाडांना ती पद्धत अगदी मापाची आहे. तारेचे व्रण नाहीत, आणि कोनांमध्ये जे टोकदार, राकट वळण येतं ते हत्तीने मोडलेल्या फांदीच्या जवळ जातं.

शेंड्याच्या दोघांतला पुढचा ठेवला, मागचा काढला.

उरलेली सगळी पानं हाताने खुडली, देठाशी, डोळ्याला धक्का न लावता. पूर्ण पानं काढल्यावर झाड पाणी फार कमी पितं, म्हणून पुढचे काही दिवस मिश्रण कोरडंच. मग सर्व डोळे एकदम जागे होतात आणि नवी पानं लहान येतात. हे फक्त जोमात असलेल्या झाडावर आणि उबदार मोसमात.

१९ मे २०२४

दाटी आली. आतपर्यंत उजेड पोचावा म्हणून प्रत्येक दुभंगाखाली लटकणारे फुटवे काढले.

आज डावीकडची तळाची फांदी मातीला टेकवली. दोऱ्याने ओढून आता ती मिश्रणापासून बोटभर वर होती. टेकणाऱ्या पेराच्या खालच्या बाजूची साल धारदार पात्याने नखभर खरवडली, जखम चार दिवस वाळू दिली, मग तारेच्या आकड्याने फांदी मातीत दाबून वर तेच मिश्रण पसरलं. गुटी बांधायची गरज नाही. रानात हे झाड पिढ्यान्पिढ्या हेच करत आलं आहे. टोक मात्र पुन्हा वर वळवून मोकळं सोडलं, खुडणार नाही. वाढत्या टोकामुळे मुळांना जोर मिळतो.

११ ऑगस्ट २०२४

मातीखालची फांदी हलकेच हलवून पाहिली. हलत नाही. टोकाची वाढ बाकीच्या झाडापेक्षा वेगात, पानंही अधिक फुगीर. मुळं धरली आहेत.

जागेवर ही फांदी पाहताना रचनेचा एक प्रश्न समोर आला. मातीत शिरण्याआधीचा तिचा भाग आणि नंतर उठणारा भाग यांची जाडी आता जवळपास सारखी होत चालली आहे, आणि अजून वाढू दिली तर टेकल्यानंतरचा भाग खोडाशी स्पर्धा करेल. दोन झाडं शेजारी उभी असल्यासारखं दिसेल. मला एकच झाड हवंय, जे चालत डावीकडे निघालं आहे. म्हणून आज टोक दोन पेरांवर कापलं आणि तिथली जोडी डावी-उजवी असल्याने फुटवे आडवेच येतील. इथून पुढे हा भाग नेहमी मुख्य शेंड्याच्या निम्म्या उंचीच्या खाली ठेवायचा.

१६ मार्च २०२५

कुंडी बदलली. लांबट अंडाकृती, ४२ सेंमी लांब, ५ सेंमी खोल, चकाकी नसलेली, तपकिरी. खोल कुंडीत खालचं ओलं राहतं. फारच उथळ कुंडीत पाणी उलट उतरायलाच मागत नाही, हा अनुभव बोन्साय करणाऱ्या सगळ्यांना असतो, म्हणून दाणे तळाशी आणि वर सारख्याच आकाराचे ठेवले. तळात जाड खड्यांचा वेगळा थर घातला नाही. त्याने निचरा सुधारत नाही, ओल फक्त थोडी वर येऊन मुळांपाशी थांबते.

मुळं मोकळी करताना टेकलेल्या फांदीखाली तळहाताएवढा स्वतंत्र झुबका मिळाला. ती आता आपल्या पायावर उभी राहू शकते, पण मधला दुवा कापणार नाही. सगळी रचना त्या दुव्यावर उभी आहे. झाड डावीकडे एक तृतीयांशावर बसवायचं असं आधी वाटत होतं, प्रत्यक्षात मुख्य बुंधा उजवीकडे सरकवला, म्हणजे फांदी जिकडे चालली आहे तिकडे मोकळी जमीन राहते. मागच्या रिकाम्या नेबारीवर मिश्रणाचा उंचवटा केला. छाटलेल्या फांद्यांतून तयार झालेलं एक रोप तिथे बुंध्याला चिकटवून लावावं, कालांतराने मुळं एकजीव होतील, असा विचार होता. तो सोडला. उंचवटा पुरेसा आहे आणि समोरून काही दिसत नाही.

आजची मापं: उंची २६ सेंमी, पसारा ४४, बुंधा ६.५. शेंडा बोथट आहे, पण अजून कापलेला वाटतो, मोडलेला वाटत नाही. तिथे आणखी दोन छाटण्या लागतील, आणि त्या वेळी उजवीकडच्या जोडीतला वरचा फुटवा ठेवायचा. मागची फांदी इतरांपेक्षा बारीक पडली आहे, उजेड कमी मिळतो तिला. या मोसमात कुंडी दर आठवड्याला फिरवायची आणि ती फांदी अजिबात खुडायची नाही. पहिलं पाणी रविवारनंतर, पानं पाहून.